चाळिसाव्या पानापर्यंत

कारखाना घेतला तेव्हा यादीतली शेवटची ओळ होती:
पुस्तके, एकोणीस. किंमत शून्य.
तिच्या वर शिवणयंत्रं चार, पैकी एक आजारी,
चामड्याच्या गुंडाळ्या, पितळी बकलांची तीन पिंपं.
ग्लेनिस यादीत नव्हती,
पण यंत्रांसोबत तीही आली.

वॉल्सॉलमधल्या त्या अरुंद जिन्यावर
ऑब्रे हॅडननं किल्ल्या देताना हात मिळवला,
तळवा असा, की चामड्याचाच नमुना दाखवतोय.
म्हणाला, पुस्तकं वाच. मग हसला.
का हसला, ते तेव्हा कळलं नाही.

वाचली. रात्री, कॅनॉलवर धुकं बसल्यावर,
कीर्द-खतावणी मिटून.
मोठमोठ्या माणसांची पुस्तकं: पोलादवाले, साबणवाले,
कुणी गाड्या विकलेले, कुणी फक्त सल्ले.
प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर एक हनुवटी
आणि आत एक बाण, वर जाणारा.

समासात मात्र पेन्सिल. हॅडनची, बारीक, उजवीकडे कललेली.

'ग्राहक हा राजा' असं छापलंय, तिथे:
राजाने मार्चपासून पैसे दिलेले नाहीत.
मी त्याखाली मराठीत लिहिलं,
उधारीचं पोतं सव्वा हात रितं.
आता दोघांचं अक्षर शेजारी राहतं.

'दूरदृष्टी ठेवा'च्या पुढे:
शुक्रवारपर्यंत दिसतंय. पगार शुक्रवारी.

'चुकांतून शिका', तिथे छापील परिच्छेद खोडून:
सत्तर पट्टे उलट्या बाजूनं कापले. मीच. ओरडलो आर्थरवर.
आणि खाली, वेगळ्या पेन्सिलीनं, बहुधा कित्येक वर्षांनी:
आर्थरला सांगायचं राहिलं.

यावर मी दोन दिवस काही वाचलं नाही.

मग लक्षात आलं,
एकोणीसही पुस्तकांत पेन्सिल चाळिसाच्या आसपास थांबते.
तिथे बसचं तिकीट, नाहीतर चहाचं वर्तुळ,
नाहीतर बकलांच्या बिलाची घडी.
पुढची पानं करकरीत. 'यश' नावाचा धडा
इतका कोरा, की छापखान्याचा वास अजून त्याच्यातच.
दारावर कुणीतरी आलं असणार. फोन वाजला असणार. सुई तुटली.
एकोणीस वेळा.

काल एका मोठ्या दुकानसाखळीचं पत्र आलं:
कुत्र्यांचे पट्टे, सहा हजार, पैसे नव्वद दिवसांनी,
आणि दर असा, की ग्लेनिसची खुर्ची रिकामी केली
तरच परवडेल.
भाचा मँचेस्टरहून फोनवर म्हणाला, मावशी, स्केल!
हा शब्द तो असा उच्चारतो
जसं कुणी उंबऱ्यावर थांबून देवाचं नाव घेतं.
मी सगळी पुस्तकं खाली काढली.
वाढीवर प्रत्येकाचं एक प्रकरण आहे,
प्रत्येकाचं चाळिसाच्या पलीकडे.

अलीकडे शोधत राहिले. पहाटे एकच सापडलं,
नेतृत्वावरच्या सगळ्यात जाड पुस्तकात, बाराव्या पानावर,
'उत्तम नेता सर्वप्रथम काय करतो?'
या ठळक प्रश्नापाशी:
हीटर साडेसहाला लावणे. गार बोटं वाकडं कापतात.

पत्राला उत्तर दिलेलं नाही अजून.
सहा वाजून वीस. बाहेर काळोख, पुलावर एखादी लॉरी.
ग्लेनिस सातला येईल,
हातमोजे दातांनी ओढून काढेल, मला न बघता
केटलकडे जाईल.
मी जिना उतरते. हीटरचा खटका जरा अडतो,
अंगठा तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धरावा लागतो.
हॅडननं तेही लिहिलंय. पान तेरा.